शिंगवाल्यांचं कुळ-गोत्र: ड्रमहेलर, ब्रूक्स आणि सेंट्रोसॉरसची टेकडी

कॅल्गरीत कोणाचेही आई-बाबा भारतातून आले की बांफ, लेक लुईस, जास्पर हा कार्यक्रम ठरलेलाच असतो. आमच्याकडेही तो रीतसर उरकला. पण बाबांची अख्खी नोकरी वरोऱ्याला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवण्यात गेलेली, त्यामुळे तळी आणि बर्फ बघून पोट भरल्यावर त्यांनी विषय काढला की ते शिंगवाले डायनासोर तुमच्याच अल्बर्टातले ना, मग ते केव्हा दाखवता? आता शिंगवाला म्हटलं की सगळ्यांना ट्रायसेराटॉप्स आठवतो. बाबांना बघायचा होता सेंट्रोसॉरस, कारण हा प्राणी एकट्या-दुकट्याने सापडत नाही, कळपच्या कळप एका जागी मेलेले सापडतात, आणि ती जागा आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. मी इतकी वर्षं इथे राहून कधी गेले नव्हते. मग जुलैतला एक लाँग वीकेंड पकडला, नवऱ्याने बुकिंगं केली, आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली, आणि निघालो.

शुक्रवार: कॅल्गरी ते ड्रमहेलर

शहर सुटलं की सपाट. म्हणजे किती सपाट, तर आई म्हणाली इथे डोळ्याला अडवायलाच काही नाही बाई. दोन्ही बाजूंना कनोला फुललेला, पिवळाधम्मक, मध्येमध्ये तेलाचे पंप मान खालीवर करत उभे. ड्रमहेलरच्या थोडं आधी हॉर्सशू कॅन्यन लागतो तिथे थांबाच, कारण रस्त्यावरून काहीही दिसत नाही आणि पार्किंगमधून चार पावलं टाकली की जमीन एकदम खाली गेलेली. करडे, तपकिरी, मळकट पांढरे पट्टे, आणि त्यात मधूनच काळे. ते काळे कोळशाचे, हे बाबांनी कोणी न सांगता ओळखलं. वरोऱ्याच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसाला कोळसा ओळखायला बोर्ड लागत नाही.

कोळशाचा आणि डायनासोरचा इथे जुना संबंध आहे. जोसेफ बर टिरेल नावाचा पंचविशीतला भूगर्भवाला १८८४ मध्ये या भागात कोळसाच शोधत फिरत होता आणि त्याला सापडली एका मांसाहारी डायनासोरची कवटी, ज्याला पुढे अल्बर्टोसॉरस नाव मिळालं. ड्रमहेलरच्या म्युझियमला, रॉयल टिरेलला, त्याचंच नाव आहे. म्युझियम १९८५ ला उघडलं.

टीप आत्ताच सांगते: म्युझियमला सकाळी दार उघडतानाच पोचा. अकरानंतर शाळांच्या आणि टूरच्या बसेस येतात, मग प्रत्येक काचेपुढे रांग. थंडीच्या दिवसांत सोमवारी बंद असतं, तेव्हा वेळ आधी बघून घ्या. आणि तीन तास हवेतच, बाबांसारखं कोणी बरोबर असेल तर पाच धरा.

बाबा बाकी सगळं सोडून सरळ शिंगवाल्यांकडे. तिथे रेगॅलिसेराटॉप्सची कवटी आहे, टोपणनाव हेलबॉय. पीटर ह्यूज नावाच्या भूगर्भतज्ज्ञाला २००५ मध्ये ओल्डमन नदीच्या काठी ती दिसली, दगड इतका कडक की साफ करायला वर्षं गेली, आणि २०१५ मध्ये कॅलेब ब्राउन आणि डोनाल्ड हेंडरसन यांनी नाव देऊन पेपर छापला. त्या पेपरच्या शेवटी आभार मानतात ना, तिथे ब्राउनने मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. हे आईला सांगितल्यावर तिचा डायनासोरमधला इंटरेस्ट एकदम वाढला.

पण बाबा तिथे खिळले ते वेगळ्या कारणाने. हे समजायला आधी कुळ-गोत्र सांगावं लागेल, जे त्यांनी मला तिथेच उभ्याउभ्या सांगितलं, आणि शेजारी दोन इथली पोरं एक अक्षर कळत नसताना तोंड उघडं टाकून ऐकत होती, कारण बाबांचा आवाज अजून साठ पोरांच्या वर्गाचा आहे.

तर असं. रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये डायनासोरिया हा गट केला. १८८७ मध्ये हॅरी सीलीने कमरेच्या हाडांवरून त्याचे दोन भाग पाडले. शिंगवाले येतात ऑर्निथिस्कियात, म्हणजे ज्यांचं प्युबिस हाड मागे वळलेलं असतं, पक्ष्यांचं असतं तसं. (पक्षी मात्र दुसऱ्या भागातून निघाले. बाबा हे सांगताना इतके खूश होतात जणू त्यांनीच केलंय.) ऑर्निथिस्कियाच्या आत सेराटॉप्सिया. यांच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक जास्तीचं हाड असतं, रोस्ट्रल, त्यामुळे तोंड पोपटासारखं चोचदार. हे हाड दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही, म्हणजे ते दिसलं की ओळख पटली. त्याच्या आत सेराटॉप्सिडी, मोठी शिंगवाली मंडळी, हे कुळ ओथनिएल मार्शने १८८८ मध्ये मांडलं. आणि त्याची दोन घराणी, सेंट्रोसॉरिनी आणि कॅस्मोसॉरिनी, दोन्ही नावं लॉरेन्स लॅम्बने १९१५ मध्ये दिलेली.

ढोबळ नियम सोपा आहे. नाकावरचं शिंग मोठं, डोळ्यांवरची बारकी आणि मानेवरची हाडाची झालर आखूड पण काठाला नक्षीदार, तर सेंट्रोसॉरिनी. डोळ्यांवरची शिंगं लांब आणि झालर लांब, तर कॅस्मोसॉरिनी. ट्रायसेराटॉप्स दुसऱ्या घराण्यातला. त्याची झालर त्या मानाने आखूड आणि भरीव, म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध मेंबरच नियमात नीट बसत नाही.

आणि आता हेलबॉय बघा. नाकावर मोठं शिंग, डोळ्यांवर बारीक. म्हणजे सेंट्रोसॉरिनी? नाही. झालरीची आणि कवटीच्या हाडांची ठेवण कॅस्मोसॉरिनीची. तो जगला साधारण ६.८ कोटी वर्षांपूर्वी, तोवर सेंट्रोसॉरिनी इथून संपलेले होते, आणि त्यांची स्टाइल या दुसऱ्या घराण्यातल्याने स्वतःहून नव्याने काढली. बाबा म्हणाले, म्हणून मी पोरांना सांगायचो की नुसतं शिंग बघून ऑर्डर, म्हणजे प्राण्याचा गण, लिहू नका, मार्क कापीन.

आई मात्र प्रेप लॅबच्या काचेसमोरून हलेना. आत एक मुलगी प्लास्टर आणि गोणपाटात बांधून आणलेल्या दगडाच्या गठ्ठ्यावर वाकून हवेवर चालणाऱ्या पेनाएवढ्या टोच्याने कणकण दगड काढत होती, मग ब्रश, मग ड्रॉपरने डिंकाचा एक थेंब, मग परत टोच्या. अर्ध्या तासात जेमतेम नखाएवढी जागा साफ झाली असेल. आईने हलक्या आवाजात विचारलं, हिला पगार किती देत असतील गं?

संध्याकाळी ड्रमहेलर गावात जगातला सगळ्यात मोठा डायनासोर बघितला, म्हणजे पुतळा, २६ मीटर उंच टी. रेक्स, आतून १०६ पायऱ्या चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. आई आणि नवरा चढले. बाबा खालीच थांबले, खऱ्यापेक्षा चौपट केलाय, सायन्सशी काही देणंघेणं नाही म्हणे. मोटेलच्या एसीचा आवाज ट्रॅक्टरसारखा होता, बंद केला तर गरम, त्यामुळे खिडकी उघडी टाकली. रात्री पावणेदहापर्यंत उजेड. आई म्हणे दिवेलागणीच्या आधी रात्रीचं जेवण कसलं, म्हणून धपाटे सुटले तेव्हा आम्ही भुकेने अर्धमेले झालो होतो.

शनिवार: हूडू, वादळ आणि ब्रूक्स

सकाळी हूडू बघून घेतले, म्हणजे वाळूच्या दगडाचे खांब आणि डोक्यावर कडक दगडाची टोपी. कुंपणापाठून फोटो काढा आणि पुढे चला, पंधरा मिनिटांचं काम आहे. मग डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क, इथून दोन तास. वाटेत गाव असं काही नाही, तेव्हा पेट्रोल आणि पाणी भरून निघा.

पार्कची पहिली झलक मला आयुष्यभर पुरेल. परत तीच सपाटी, गव्हाची शेतं, गाई, आणि गेटच्या जवळ व्ह्यूपॉइंट आहे तिथे उतरलो तर समोर अख्खं दुसरंच जग खाली पसरलेलं. मैलोन्‌मैल उघडी-बोडकी टेकाडं आणि मधोमध रेड डिअर नदी, काठाला कॉटनवूडच्या झाडांची हिरवी रेघ. १९७९ पासून ही जागतिक वारसा जागा आहे. पन्नासच्या वर जातींचे डायनासोर इथून निघालेत, एवढ्याशा जागेतून एवढ्या जाती जगात फारच कमी ठिकाणी मिळाल्यात.

आमचा बेत होता की दुपारी पायी ट्रेल करायचे आणि गाइडबरोबरचा मोठा हाइक दुसऱ्या दिवशी. व्हिजिटर सेंटरमधून बाहेर आलो तर पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालेलं. आधी वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब. जेमतेम पाऊण तास पाऊस पडला असेल. थांबल्यावर आम्ही उत्साहाने निघालो तर तिथल्या मुलीने हात आडवा केला, आज नाही, माती ओली आहे. मला वाटलं उगाच काळजी करतायत. बाबांनी पार्किंगच्या कडेला जाऊन पाऊल टाकून बघितलं आणि तीन पावलांत बुटाखाली चार बोटं थर. आणि वर निसरडं असं की नवऱ्याने दंड धरला म्हणून बरं.

ही माती बेंटोनाइट. डायनासोरांच्या काळात पश्चिमेला ज्वालामुखी होते, त्यांची राख इथे येऊन पडली, तिची झाली ही चिकणमाती. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळून पॉपकॉर्नसारखी भुसभुशीत होते. तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि आपल्या काळ्या कापसाच्या मातीतही तेच. बाबांना हे माहिती होतं, त्यामुळे बूट खरवडताना ते इतके आनंदात होते की विचारू नका. म्हणे ही तर आपलीच माती निघाली, नुसता रंग बदलून इथं येऊन बसली! त्या राखेचा एक मोठा उपयोग असा की तिच्यातल्या स्फटिकांवरून थरांचं वय काढता येतं. इथला सेंट्रोसॉरस साधारण ७.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हा आकडा त्या राखेनेच दिलाय.

टीप: पाऊस पडून गेला असेल तर या मातीवर अजिबात शहाणपणा करू नका. आणि बुकिंग एकाच दिवसाचं न करता जवळ एक रात्र हातात ठेवा, हवामान फिरलं तर दुसरा दिवस मिळतो. गाइडेड हाइक उन्हाळ्यात लवकर भरतात, ते मात्र आधीच पक्के करा.

मग लवकरच ब्रूक्सला गेलो मुक्कामाला. छोटंसं गाव, पण त्याला म्हणतात शंभर हॅलोंचं शहर, कारण इथे मांसप्रक्रियेचा मोठा कारखाना आहे आणि तिथे कामाला जगभरातून लोक येऊन राहिलेत, सोमालिया, इथिओपिया, फिलिपिन्स, कुठून कुठून. आम्ही भिजून गारठलेलो, एक छोटी आफ्रिकन खानावळ दिसली, आत शिरलो. मालकीणबाई डोक्याला स्कार्फ बांधलेल्या, आईच्याच वयाच्या. चहा मागितला तर वेलदोडा, दालचिनी, लवंग घालून उकळलेला, दुधाचा, गोड. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून त्या बाईंकडे बघून दोन्ही हात जोडले. बाईंनी हसून कप परत भरला. मग जाळीदार आंबट पोळी आणि मसुरासारखी डाळ आली, आई म्हणाली ही तर आंबोळीची सख्खी बहीण. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं पण पोळीचं पीठ किती वेळ आंबवायचं हे हातवाऱ्यांनी पूर्ण बोलून झालं. शाकाहारी लोकांनो, या भागात तुमचे हाल असतात, तेव्हा हे लक्षात ठेवा, ब्रूक्समध्ये अशा खानावळी शोधा.

रविवार: हाडांची टेकडी

रात्रभर वारा होता, माती सुकली, सकाळी हाइक होणार म्हणून सांगितलं. पार्कच्या बसने आत राखीव भागात नेतात, तिथे स्वतःचं स्वतः जाता येत नाही. बसमध्ये आम्ही, एक जर्मन जोडपं, एडमंटनचे तीन कॉलेजचे मुलगे आणि दोन आज्या, ज्या इथे पाचव्यांदा आल्या होत्या आणि ज्यांनी आम्हाला डासांचा स्प्रे दिला. डासांबद्दल मी काय सांगू. नदीच्या बाजूला अक्षरशः ढग असतात. १९१० मध्ये बार्नम ब्राउन नावाचा डायनासोर शोधणारा न्यूयॉर्कहून इथे आला तेव्हा त्याने एक मोठा सपाट तराफा बांधला, वर तंबू ठोकला आणि नदीतून वाहत वाहत दोन्ही काठांवर हाडं शोधली. दोनच वर्षांनी कॅनडाच्या सरकारने चार्ल्स स्टर्नबर्ग आणि त्याच्या पोरांना नोकरीवर घेतलं, म्हणजे सगळंच अमेरिकेला जायला नको. दोन्ही टोळ्या वर्षानुवर्षं याच डासांत खपल्या. बाबांचं मत, पीएचडी यालाच द्यायला पाहिजे.

गाइड पंचविशीची पोरगी, जिऑलॉजी करते. तिने सुरुवातीलाच सांगितलं की रॅटलस्नेक आहेत, हात न बघता कुठे ठेवायचा नाही, बसायच्या आधी निवडुंग बघा, आणि दगड असो की हाड, खिशात काही घालायचं नाही. अल्बर्टात जीवाश्म सरकारच्या मालकीचे, आणि पार्कातून उचललं तर मोठा दंड.

चालताना एक गोष्ट तिने सांगितली ती मला फार आवडली. गोऱ्या लोकांच्या कितीतरी आधीपासून इथल्या मूळच्या पिकानी लोकांना ही हाडं माहिती होती, आणि त्यांनी ती बायसनच्या आजोबांची म्हणून सांगितली होती. मोठा चार पायांचा प्राणी, डोक्याला शिंगं, मग त्यांच्या ओळखीचा शिंगवाला कोण तर बायसन. मार्शचंही १८८७ मध्ये असंच झालेलं, डेन्व्हरजवळची शिंगं बघून त्याने तो एक मोठा बायसन ठरवला होता आणि ती निघाली ट्रायसेराटॉप्सच्या जातीतल्याची. पिकानींनी निदान आजोबा म्हणून मान तरी दिला.

थोडी चढण, मग एक बसकी करडी टेकडी. लांबून काहीच नाही. गाइड म्हणाली, आता पायाखाली बघा. आणि एकदम दिसायला लागलं. तपकिरी, विटकरी तुकडे, बोटाएवढे, मुठीएवढे, एक फासळी अर्धी मातीत अर्धी बाहेर, कोळपलेल्या लाकडासारखी उभी रेघ असलेली. एकदा नजर बसली की मग प्रत्येक पावलाला हाड. दगड की हाड ओळखायची तिने युक्ती दाखवली, तुकड्याला जीभ लावायची, हाड असेल तर त्यातली छिद्रं ओल ओढतात आणि ते जिभेला चिकटतं. कॉलेजचे मुलगे लगेच पुढे. बाबाही पुढे. आई ओरडली, अहो, शी! काहीतरीच तुमचं! बाबांच्या जिभेला सेंट्रोसॉरस चिकटलेला फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे, त्यावर आत्याने नुसते हात जोडल्याचे इमोजी टाकलेत.

याला म्हणतात बोनबेड ४३, बोनबेड म्हणजे हाडांनी भरलेला थर. १९७९ पासून इथे खोदकाम चाललं. हाडं जवळपास सगळी एकाच जातीची, सेंट्रोसॉरस अपर्टस. पिल्लं, तरणे, म्हातारे, सगळे. जागा सोडून विखुरलेली, तुडवलेली, आणि मध्येमध्ये टायरॅनोसॉरांचे गळलेले दात, म्हणजे नंतर येऊन कोणीतरी ताव मारलेला. आधी वाटायचं की कळप पूर आलेली नदी ओलांडताना बुडाला असेल. पण पुढे आग्नेय अल्बर्टात हिल्डा गावाजवळ असाच बोनबेड मिळाला, २०१० मध्ये त्याची बातमी आली, दोन चौरस किलोमीटरच्याही वर पसरलेला आणि त्यात हजारो सेंट्रोसॉरस. एवढे सगळे एक नदी ओलांडताना मरणार नाहीत. तेव्हा पूर्वेला जवळच समुद्र होता, हा सगळा किनाऱ्यालगतचा सपाट भाग, चक्रीवादळ आलं की पाणी चढणार आणि पळायला उंचवटाच नाही. पोहू शकणारे, झाडावर चढणारे वाचले, हे पाच-साडेपाच मीटरचे अवजड कळपवाले अडकले.

आता माझ्या मते ट्रिपमधली सगळ्यात मजेची गोष्ट, जी मला टेकडीवर उभं राहिल्यावर कळली. एडवर्ड कोपने १८७६ मध्ये मोंटानातून काही हाडं नेली (त्याच उन्हाळ्यात तिकडे मूळच्या लोकांशी लढताना अमेरिकी सेनेचा कस्टर मारला गेला होता, आणि हा गडी हाडं वेचतोय) आणि मोनोक्लोनियस असं नाव दिलं. लॅम्बने १९०४ मध्ये याच रेड डिअर नदीच्या झालरीवरून सेंट्रोसॉरस नाव दिलं. दहा वर्षांनी तो तराफावाला बार्नम ब्राउन म्हणाला, दोन्ही एकच, आणि जुनं नाव ते खरं, म्हणून सेंट्रोसॉरस रद्द. लॅम्ब म्हणाला नाही. त्यात कोणाचं नाकाचं शिंग पुढे वळलेलं, कोणाचं मागे, कोणाचं सरळ, की लगेच नवी जात. कोपच्या हाडाची झालर पातळ आणि साधी, काठाला काही नाही. सेंट्रोसॉरसच्या झालरीच्या मागच्या काठाला पुढे वाकून आलेले दोन हूकसारखे आकडे आणि आत वळलेले दोन. मग हे वेगळेच ना?

एकेकटी कवटी घेऊन भांडलं तर हे शंभर वर्षं भांडता येतं, आणि तसंच झालं. सुटलं कधी, तर असा अख्खा कळप हातात आल्यावर. इथे एकाच पुरात मेलेले एकाच कळपातले प्राणी, लहानापासून मोठ्यापर्यंत. म्हणजे जो फरक दिसतो तो वयाचा, नाहीतर ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचा. लहानांची झालर पातळ, साधी, बिननक्षीची. आकडे येतात जवळजवळ पूर्ण वाढ झाल्यावर. नाकाचं शिंग एकाच कळपात पुढे, मागे, सरळ, सगळ्या तऱ्हेचं. स्कॉट सॅम्पसन, मायकल रायन आणि डॅरेन टँके यांनी १९९७ मध्ये हे नीट मांडलं. म्हणजे मोनोक्लोनियसचं साधेपण हे बहुतेक नुसतं अर्धवट वाढलेलं वय, आणि त्या हाडावरून तो नक्की कोणाचा पोरगा हे सांगताच येत नाही. नाव पडून राहिलं, सेंट्रोसॉरस टिकला, शिंगाच्या वळणावरून केलेल्या जाती अपर्टसमध्येच जमा झाल्या. आता या घराण्यात कोण कोण हे ठरवताना झालरीच्या काठावरच्या टोकांना मधल्या रेषेपासून नंबर देतात, एक, दोन, तीन, आणि त्यांची दिशा आणि आकार बघतात. बाबांनी टेकडीवर उकिडवं बसून मातीत काडीने झालर काढली, नंबर टाकले, आणि जर्मन काकांना इंग्रजीत समजावलं. गाइडने मध्ये एक शब्दही दुरुस्त केला नाही, शेवटी विचारलं, तुम्ही प्रोफेसर का? बाबा म्हणाले, नो नो, इलेवन्थ-ट्वेल्थ.

समोरच्या कड्याकडे बोट दाखवून तिने अजून एक सांगितलं. खालच्या थरांत सेंट्रोसॉरस, आणि वरच्या थरांत तो गायब, त्याच्या जागी स्टायराकोसॉरस, ज्याच्या झालरीला लांबलचक भाले असतात. म्हणजे काही लाख वर्षांत एक घरमालक गेला आणि त्याचा भाऊबंद आला, आणि ते तुम्ही एका नजरेत वरखाली बघू शकता.

परतीच्या वाटेवर कॅन्सरचा विषय निघाला. या पार्कात १९८९ मध्ये सेंट्रोसॉरसच्या पायाचं एक वेडंवाकडं हाड मिळालं होतं, फिब्युला, मोडून जुळलं असेल म्हणून ठेवून दिलं. नंतर कॅन्सरच्या डॉक्टरांनी आणि जीवाश्मवाल्यांनी मिळून सीटी स्कॅन केले, बारीक काप काढून माणसाच्या हाडाशी ताडून बघितले, आणि निघाला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला. २०२० मध्ये हे छापून आलं. डायनासोरमध्ये असा खात्रीने सिद्ध झालेला हा पहिलाच कॅन्सर. पण प्राणी मेला त्याने नाही, तो बाकीच्यांबरोबरच पुरात गेला असं दिसतं. आई इतका वेळ ऊन लागतंय म्हणून गप्प होती, ती एकदम म्हणाली, म्हणजे लंगडत असूनही कळपात होता तो. एवढ्या दुखऱ्या पायाने मागे पडला असता तर केव्हाच कोणी खाल्ला असता. गाइडला मी हे इंग्रजीत सांगितलं तर ती म्हणाली संशोधकही साधारण हेच म्हणतात.

टीप: हाइक अडीच-तीन तासांचा, सावली शून्य. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्या, घोटा धरणारे बूट. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच यावं, आई आली पण शेवटच्या उतारावर नवऱ्याच्या खांद्याला धरूनच. चालायचं नसेल तर पार्कात गाडीने फिरायचा एक लूप आहे, त्यावर काचेच्या खोलीत हाडं जिथल्या तिथे ठेवलेली बघता येतात. तिथेच जॉन वेअरची केबिन आहे, गुलामीतून सुटून इकडे येऊन नावाजलेला काळा काउबॉय, दहा मिनिटं काढाच. मोबाइलला आत रेंज धड नसते.

जेवायला पॅट्रिशिया गावात, जिथे हॉटेलात मांस विकत घेऊन तुमचं तुम्हीच ग्रिलवर भाजायचं असतं. नवऱ्याला भलताच आनंद. बाबांनी बटाटा भाजला आणि पिजदुऱ्यावर घसरले. पिजदुरा वरोऱ्याजवळच. ज्यांच्या नावाचं नागपूरला कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉपनी तिथून डायनासोरची हाडं गोळा केली होती, टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेवाले, आणि तिथली शेणाची जीवाश्मंही प्रसिद्ध आहेत. मी विचारलं, मग आपल्याकडे शिंगवाला का नाही? तर हे सेराटॉप्सिड म्हणजे मुख्यतः उत्तर अमेरिकेची मंडळी, थोडे आशियात, आणि भारत तेव्हा समुद्रात एकटा तरंगत होता. गुजरातेतल्या हाडांवरून २००३ मध्ये नाव दिलेला राजासॉरस आहे, डोक्यावर छोटं शिंग, पण तो दोन पायांचा मांसाहारी, कुळच निराळं. परत तेच, शिंग बघून ऑर्डर लिहू नका.

हायवे एकने कॅल्गरी दोन तास. मागच्या सीटवर बाबांनी फोनवर वाचायला सुरुवात केली आणि मला कळलं की आता काहीतरी निघणार. अल्बर्टाच्या वायव्येला ग्रँड प्रेरीजवळ पाइपस्टोन क्रीक म्हणून जागा आहे, तिथे पॅकिरायनोसॉरसचा बोनबेड. हाही सेंट्रोसॉरिनीच, पण नाकावर शिंगाच्या जागी हाडाचा जाड खडबडीत गठ्ठा. तो १९७४ मध्ये सापडला अल लाकुस्टा नावाच्या शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांना, आणि २००८ मध्ये त्या जातीला त्यांचंच नाव दिलं, पॅकिरायनोसॉरस लाकुस्टाई. शेजारी वेंबलीला म्युझियमही आहे. बाबांनी ते मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं. सायन्सचा मास्तर, बरं का जावईबापू.

जावईबापू म्हणाले, बाबा, एका बाजूने आठ तास ड्रायव्हिंग आहे ते.

आईने मध्येच विचारलं, वाटेत एडमंटनचा तो मोठा मॉल लागतो का? लागतो म्हटल्यावर ती म्हणाली, मग ऑगस्टमध्ये ठरवा, धपाट्यांचं मी बघते.